डॅरेलला जाऊ द्या, एलनकडे बघा

मॅलरी टॉवर्स, सेंट क्लेअर्स आणि तसल्याच मुलींच्या शाळांची पुढची पुस्तकं मराठीत लिहू पाहणाऱ्या लेखकांना आणि ती छापू पाहणाऱ्या प्रकाशकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

१ जानेवारी २०२९ या तारखेवर तुमच्यापैकी काहींनी आधीच खूण करून ठेवली असणार. मॅलरी टॉवर्स आणि सेंट क्लेअर्स लिहिणाऱ्या एनिड ब्लायटनबाई २८ नोव्हेंबर १९६८ रोजी गेल्या. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षं कॉपीराइट चालतो, म्हणजे २०२८ संपलं की भारतात त्यांची पुस्तकं सर्वांना खुली. ब्रिटनमध्ये हीच मुदत सत्तर वर्षांची, तिथल्यांना २०३९ उजाडेपर्यंत थांबावं लागेल. (आपली साठ वर्षंही आधी पन्नासच होती. रवींद्रनाथांच्या पुस्तकांचा कॉपीराइट संपत आला तेव्हा कायदा बदलून ती वाढवली.) पाठोपाठ ‘शॅले स्कूल’ ही अशीच मुलींच्या शाळेची मालिका लिहिणाऱ्या एलिनॉर ब्रेंट-डायरबाई आहेत. त्या १९६९ मध्ये गेल्या, म्हणजे आपल्याकडे २०३० च्या जानेवारीत मोकळ्या.

भाषांतरं येतील, स्वस्त आवृत्त्या येतील, रेल्वे स्टेशनावरच्या स्टॉलवर बारा पुस्तकांचा संच निम्म्या किमतीत येईल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. साने गुरुजी २०११ साली खुले झाले तेव्हा ‘श्यामची आई’च्या बऱ्यावाईट सगळ्या तऱ्हेच्या आवृत्त्या निघाल्या, आणि गुरुजी त्यातूनही तरले. मला लिहायचंय ते पुढच्या भागांबद्दल. मुलांची पुस्तकं घरपोच देणारी छोटी लायब्ररी मी चालवते. ‘मॅलरी टॉवर्स मराठीतून पुढे नेता येईल का हो?’ असं आजवर मला दोन वेगवेगळ्या माणसांनी, दोन वेगवेगळ्या पुस्तक प्रदर्शनांत विचारलंय. दोघांच्याही डोक्यात मालिकेची नायिका डॅरेल हिची मुलगी शाळेत येते इथून सुरुवात होती. दोघांनाही मी तेव्हा हसून ‘बघू या’ म्हटलं. जे म्हणायचं होतं ते आता सविस्तर म्हणते.

पुढचे भाग लिहू नयेत असं माझं मुळीच मत नाही. उलट या जातीच्या गोष्टींना पुढचा भाग जितका शोभतो तितका क्वचितच कशाला शोभत असेल. शाळा ही चीजच अशी आहे की एक तुकडी बाहेर पडते, दुसरी आत येते आणि घंटा चालू राहते. प्रश्न इतकाच आहे की पुढे न्यायचं कुणाला, शाळेला की नायिकेला? हे आपल्याआधी इंग्रजांनी आणि जर्मनांनी करून पाहिलंय, तेव्हा त्यांचं काय झालं ते आधी बघून घ्यावं.

सेंट क्लेअर्सपासून सुरुवात करू. ब्लायटनबाईंनी १९४१ ते १९४५ या काळात त्याची सहा पुस्तकं लिहिली. पहिली तीन ओ’सुलिव्हन जुळ्यांच्या पहिल्या वर्षाची, मग दुसरं वर्ष, मग एकदम चौथं, मग पाचवं. तिसरं वर्ष गायब, सहावंही गायब. बाईंचा लिहिण्याचा झपाटा बघता मागे वळून बघायला त्यांना फुरसत मिळाली नसावी. पुढे २००० साली पॅमेला कॉक्स यांनी नेमकी तीच दोन पुस्तकं लिहिली, तिसऱ्या वर्षाचं आणि सहाव्याचं. आपल्या शाळेच्या प्रश्नपत्रिकेत असायचं ना, ‘गाळलेल्या जागा भरा’, अगदी तसं. जागा आधीपासून तिथे होती, दोन्ही बाजूंचं वाक्य ठरलेलं होतं. चौथ्या वर्षी कोण असणार आणि कोण नसणार हे वाचकाला माहीत, लेखिकेलाही माहीत. अशा कैदेत लिहिलेलं पुस्तक फार मोठं होत नाही, पण बेइमानही होत नाही.

मॅलरी टॉवर्समध्ये अशी रिकामी जागा नव्हती. १९४६ ते १९५१, दर वर्षी एक पुस्तक, आणि सहाव्या पुस्तकाच्या शेवटी डॅरेल रिव्हर्स, सॅली, अलिशिया सगळ्या शाळा सोडतात. तिथे कॉक्स यांनी २००९ मध्ये दुसरा मार्ग धरला. डॅरेलची धाकटी बहीण फेलिसिटी मूळ मालिकेतच शाळेत आलेली होती, तिच्यामागून त्या आत शिरल्या आणि आणखी सहा पुस्तकं लिहिली. आता दुकानात बारांचा संच मिळतो, आणि सातव्या पुस्तकाशी हात बदललाय हे अनेक मुलींना कळतही नाही. माझ्याकडची सहावीतली एक सभासद मात्र सातवं परत करताना म्हणाली होती, ‘यातली मॅमझेल तितकी फसत नाही.’ बस्स, एवढंच. तिने लेखिकेचं नाव वाचलं नव्हतं. फ्रेंच शिकवणारी मॅमझेल द्यूपाँ आधी मुलींच्या खोड्यांना किती सहज फसायची ते मात्र तिला नीट आठवत होतं.

कॉक्स यांची पुस्तकं मला वाईट वाटत नाहीत. खोड्या जमल्यात, रुसवेफुगवे जमलेत, टर्मची लय जमली आहे. निवडलेला रस्ताही बरोबर आहे, कारण डॅरेलला त्यांनी शाळेबाहेर सुखाने जाऊ दिलं. ती सेंट अँड्रूज विद्यापीठात जाते, तिला लेखिका व्हायचंय, आणि तिथेच आपला तिचा संबंध संपतो. संपला पाहिजे.

जर्मनांनी तो संपू दिला नाही. ती कहाणी मराठी प्रकाशकांनी जरूर वाचावी, कारण आपल्याला करावासा वाटणारा प्रत्येक उद्योग त्यांनी आधीच करून ठेवलाय. सेंट क्लेअर्स जर्मनीत १९६५ पासून ‘हान्नी उंड नान्नी’ या नावाने आलं. पॅट आणि इझाबेल या जुळ्यांच्या हान्नी आणि नान्नी झाल्या, शाळा ‘लिंडेनहोफ’ झाली, लॅक्रॉसच्या जागी हँडबॉल आला. मॅलरी टॉवर्सची डॅरेल तिकडे ‘डॉली’ झाली आणि शाळा म्हणजे ‘म्योवेनफेल्स’ नावाचा समुद्रकाठचा गड. रूपांतर म्हणून मला यात काही गैर दिसत नाही. देवलांनी ऑथेल्लोचा ‘झुंजारराव’ केला तेव्हा आपणही टाळ्याच वाजवल्या. पण पुस्तकं धो धो खपली, ब्लायटनबाईंची मूळ पुस्तकं संपली, आणि मागणी काही संपेना. मग तिथल्या तिथे जर्मन लेखिकांकडून पुढचे भाग लिहून घेतले गेले. डॉलीची मालिका अठरा पुस्तकांपर्यंत गेली, त्यांतली मूळ फक्त सहा. आणि वर्षानुवर्षं त्या पुढच्या भागांवर नाव कुणाचं? एनिड ब्लायटन. जर्मनीतल्या दोन-तीन पिढ्या असं समजून मोठ्या झाल्या की हे सगळं एका इंग्रज बाईने लिहिलंय.

त्यात डॉलीचं काय झालं? शाळा संपल्यावर ती पुन्हा गडावर परतली. तिथेच मुलींची देखभाल करायला लागली, तिथेच तिचं लग्न झालं. ज्या मुलीला ब्लायटनबाईंनी जगात सोडलं होतं, तिला जर्मन पुस्तकांनी दार लावून परत आत घेतलं. हे वाचून मला जरा उदासच वाटलं. त्या जर्मन लेखिकांचा दोष काढावासा वाटत नाही, त्यांना दिलेलं काम त्यांनी नेटाने केलं असणार. पण नायिकेला सोडवत नाही म्हणून शाळेची घरजावई करून ठेवायची, ही प्रकाशकाची सोय झाली. तुमच्याकडे येणारा पहिला प्रस्ताव हाच असेल याची मला खात्री आहे: ‘डॅरेल आता मुख्याध्यापिका!’ कृपा करून नको.

याच्या उलट टोकाची गोष्ट शॅले स्कूलची. ही शाळा १९२५ मध्ये ऑस्ट्रियातल्या टिरोल भागात, तळ्याकाठच्या एका लाकडी घरात सुरू होते आणि मालिका थेट १९७० पर्यंत, म्हणजे लेखिका गेल्यानंतरच्या वर्षापर्यंत, चालते. साठाच्या जवळ जाणारी पुस्तकं. ब्लायटनबाईंच्या शाळांमध्ये जग आत येत नाही. सेंट क्लेअर्सची पुस्तकं ऐन दुसऱ्या महायुद्धात लिहिली आणि छापली गेली, पण त्यात युद्धाचा मागमूस नाही. ब्रेंट-डायरबाईंची शाळा मात्र १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर खरोखरच पळून जाते. १९४० च्या पुस्तकात एका म्हाताऱ्या ज्यू सोनाराच्या मागे जमाव लागतो, शाळेच्या मुली मध्ये पडतात, आणि त्यापायी त्यांना देश सोडावा लागतो. मुलींच्या शाळेच्या गोष्टीत, युद्ध चालू असताना, एका लोकप्रिय लेखिकेने हे लिहिलं. मग शाळा ग्वेर्न्सी बेटावर, तिथून इंग्लंडच्या वेल्सलगतच्या भागात, पुढे एका बेटावर आणि शेवटी स्वित्झर्लंडला जाते.

एवढ्या लांबलचक मालिकेत भोकं पडणारच. १९४५ नंतर पुढच्या मोठ्या पुस्तकापर्यंत चार वर्षं जातात, आणि शाळेने युद्ध संपल्याचा दिवस कसा काढला ते आपल्याला कळतच नाही. हे वाचकांनी हेरलं आणि वाचकांनीच लिहायला घेतलं. ब्रेंट-डायरबाईंचं चरित्र लिहिणाऱ्या हेलन मॅकलेलंड यांनी १९९५ मध्ये एक मधलं पुस्तक लिहिलं. पुढे ‘गर्ल्स गॉन बाय’ या छोट्या प्रकाशनाने अशी मधली पुस्तकं एकामागून एक छापली. त्यात कॅथरिन ब्रूस यांचं शांतता शाळेत पोचते त्या दिवसांचंही पुस्तक आहे. याच प्रकाशनाने मूळ पुस्तकंही न कापता पुन्हा काढली, कारण साठ-सत्तरच्या दशकातल्या पेपरबॅक आवृत्त्यांनी त्यातली पानंच्या पानं छाटली होती. तेव्हा पुढचं लिहिणाऱ्यांनी आधी मागचं दुरुस्त केलं. हा क्रम मला फार आवडतो.

आणि मग १९९८ मध्ये मेरिन विल्यम्स यांचं ‘द शॅले गर्ल्स ग्रो अप’ आलं. मूळ मालिका संपते तेव्हा मालिकेची नायिका जोई हिच्या तिळ्या मुलींपैकी थोरलीचं, लेनचं, लग्न ठरलेलं असतं आणि सगळं कसं गोडीगुलाबीत चाललेलं असतं. विल्यम्स यांनी या मुलींना खऱ्या प्रौढ आयुष्यात ढकललं, आणि खऱ्या आयुष्यात जे होतं ते त्यांच्या बाबतीत होऊ दिलं. चाहते दुभंगले. काहींना तो विश्वासघात वाटला, काहींना वाटलं की कुणीतरी एकदाचं खरं बोललं. मी मनाने दुसऱ्या गटात असायला हवी होते. पण वाचकाने एखाद्या मुलीला बारा वर्षांची असताना ओळखलेलं असतं. तिच्या पस्तिशीतल्या संसारावर आपला हक्क सांगायला आपण कोण? मोठ्यांची कादंबरी लिहायची तर स्वतःची माणसं घेऊन लिहावी.

मुलींचं वय या मालिकांमध्ये कसं फसवं असतं याचा सगळ्यात सुंदर नमुना मात्र अँटोनिया फॉरेस्ट यांचा. मार्लो बहिणींच्या त्यांच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक १९४८ चं, शेवटचं १९८२ चं. पुस्तकं दहा. चौतीस वर्षांत मुली दोन-अडीच वर्षांनी वाढल्या! पहिल्या पुस्तकात नुकत्याच संपलेल्या युद्धाची सावली आणि शेवटच्यांमध्ये टीव्ही, पण निकोला आणि लॉरी अजून शाळेतच. फॉरेस्टबाईंना हे पक्कं ठाऊक होतं आणि त्यांनी त्याची फिकीर केली नाही. त्यांच्यानंतर सॅली हेवर्ड यांनी २०११ मध्ये ‘स्प्रिंग टर्म’ लिहिलं. पुढची एक टर्म, तेवढीच. मुलींची लग्नं नाहीत, नातवंडं नाहीत. मला यातली मर्यादा कौतुकाची वाटते. फॉरेस्ट वाचल्या नसतील तर मॅलरी टॉवर्सकडे वळण्याआधी वाचा. क्रिकेटवर लिहिलेली इतकी चांगली पानं मी मुलींच्या पुस्तकात दुसरीकडे वाचलेली नाहीत, आणि हे मी एका क्रिकेटवेड्या घरातून लिहिते आहे.

आता सफाईबद्दल. पुढचे भाग लिहिणाऱ्याला पहिला मोह होतो तो झाडलोटीचा. जुन्या पुस्तकातलं जे खुपतं ते पुसून मगच पुढे जायचं. हे इंग्लंडात झालंय. मॅलरी टॉवर्सच्या पहिल्याच पुस्तकात ग्वेंडोलिन पोहण्याच्या तळ्यात घाबरट मेरी-लूचं डोकं पाण्याखाली दाबते आणि डॅरेल संतापून ग्वेंडोलिनला सपासप थपडा मारते. नंतरच्या काही आवृत्त्यांत थपडा गेल्या आणि गदागदा हलवणं आलं. आता गंमत बघा. डॅरेलचा राग हा त्या सहाही पुस्तकांचा कणा आहे. तिला राग अनावर होतो, ती मारते, माफी मागते, पुन्हा अनावर होतो. थप्पड काढली की माफी कशाची? प्रकाशकांनी २०१० मध्ये ब्लायटनबाईंच्याच ‘फेमस फाइव्ह’ची भाषाही आजच्या मुलांसाठी बदलून पाहिली होती, ती लोकांना रुचली नाही, आणि २०१६ मध्ये त्यांनी स्वतःच जुनी भाषा परत आणायचं ठरवलं. सांगायचा मुद्दा असा की मुलांना जुनं जग कळत नाही हा मोठ्यांचा भ्रम आहे. माझ्या सभासद मुलींना शिलिंग म्हणजे किती हे ठाऊक नसतं आणि त्यांचं काही अडत नाही.

मध्यरात्रीच्या मेजवानीचंच घ्या. पोर्क पाय (म्हणजे डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री), चॉकलेट केक, सार्डिनचे डबे, कंडेन्स्ड मिल्क, डबाबंद अननस, जिंजर बिअर, आणि हे सगळं अंधारात, कुजबुजत, एकाच बैठकीत. आपण डोंबिवलीत किंवा नाशकात हे वाचताना सार्डिनवर कंडेन्स्ड मिल्क या कल्पनेने पोट ढवळलं तरी तोंडाला पाणी सुटायचंच. आपल्याला वाटायचं की इंग्लंडात हे सगळं रोजचंच असणार. पण सेंट क्लेअर्सची ही यादी १९४१ ची आहे! तेव्हा तिथे साखर, लोणी, मांस सगळं रेशनवर होतं. मिठाईचं रेशनिंग उठायला १९५३ उजाडलं, मांसाचं १९५४. म्हणजे इंग्रज मुलीसुद्धा ती मेजवानी आपल्यासारखीच नुसती डोळ्यांनी खात होत्या. नव्या लेखकाने त्या काळात शिरायचं ठरवलं तर हे केवढं मोठं घबाड आहे! केकसाठी साखर कुणाच्या कार्डावरची? अंडी कुठून आली? ब्लायटनबाईंनी हे कधी सांगितलं नाही. तुम्ही सांगा. त्यासाठी शाळेला २०२९ मध्ये ओढून आणून मुलींच्या हातात मोबाइल द्यायची गरज नाही.

नव्या नजरेने जुन्या शाळेत जाता येतं याचा एक प्रयत्न २०१९ मध्ये झाला. चार लेखिकांच्या चार कथा, मॅलरी टॉवर्सच्याच, त्याच काळातल्या, पण नव्या मुलींच्या. त्यात नरिंदर धामी यांच्या कथेत सुनीता नावाची भारतीय मुलगी येते आणि कथेचं नावच ‘द सीक्रेट प्रिन्सेस’. खरं सांगते, शीर्षक वाचून मी कपाळाला हात लावला होता. भारतीय मुलगी म्हटली की राजकन्येची कुजबुज सुरू झालीच पाहिजे का? पण त्या काळच्या इंग्रज मुलींच्या डोक्यात भारत म्हणजे महाराजेच असणार, आणि धामी त्यांच्या डोक्यातलंच वापरतात, हेही मान्य केलं पाहिजे. त्या पुस्तकाची दिशा मला पटते. शाळा तीच, काळ तोच, फक्त कॅमेरा दुसऱ्या मुलीवर.

आणि याच दिशेने मला तुम्हाला एका मुलीकडे न्यायचंय. एलन विल्सन आठवते?

बऱ्याच जणांना आठवत नाही. मॅलरी टॉवर्सच्या १९४७ च्या दुसऱ्या पुस्तकात ती येते. हडकुळी, कपाळाला आठ्या, सतत खोकणारी, स्कॉलरशिपवर आलेली. तिच्या आईवडिलांनी गणवेशासाठी पैसे कसेबसे उभे केलेत हे तिला माहीत आहे, त्यामुळे पहिला नंबर आलाच पाहिजे या धास्तीने ती अभ्यास करते, आणि त्याच धास्तीने तिचा अभ्यास होत नाही. आजारी पडते. परीक्षेच्या आधी प्रश्नपत्रिका चोरून बघायचा विचार तिच्या मनात येतो, ती रात्री तिथवर जाते, डॅरेल तिला पकडते आणि अर्थात तडाखा देते. त्याच सुमारास शाळेत पैसे आणि ब्रोच चोरीला जात असतात. एलन अचानक दिसेनाशी होते, ती असते आजारपणाच्या खोलीत, पण मुली ठरवून टाकतात की तीच चोर आणि तिला काढून टाकलं. गरीब मुलगी होती ना, मग तीच असणार.

खरी चोर असते डॅफ्नी. यॉट आणि मोटारींच्या थापा मारणारी, ग्वेंडोलिन जिच्या मागे मागे फिरते ती. तिच्या घरी पैसा नसतोच. म्हणजे एका वर्गात गरिबी लपवणाऱ्या दोघी: एक अभ्यासाने लपवते, एक थापांनी. ब्लायटनबाईंना उथळ म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक पुन्हा उघडून बघावं. पण शेवट कुणाचा होतो? डॅफ्नीचा. ती वादळी रात्री कड्यावरून मेरी-लूला वाचवते, चोरी उघडी पडते, सगळ्या वर्गासमोर कबुली होते, वर्ग तिला ठेवून घेतो. भरपूर अश्रू, भरपूर क्षमा. चोर नसलेल्या एलनच्या वाट्याला थोडी विश्रांती आणि थोडी सहानुभूती येते, आणि पुढच्या पुस्तकांत तिच्याकडे कुणी फारसं वळून बघत नाही. लेखिकाही नाही.

मी ते पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही डॅरेलच होते, सगळ्याच असतात. पण आपण जरा खरं बोलू या. चौथीच्या आणि सातवीच्या स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसलेली, गाईड उसनं आणलेलं, ‘मुलगी हुशार आहे, फी माफ होईल’ असं घरात बोललं जाणारी मराठी मुलगी कॉर्नवॉलच्या त्या कड्यावरच्या शाळेत पोचलीच असती तर ती कोण झाली असती? घोडा घेऊन येणारी बिल? सर्कशीतून येऊन सेंट क्लेअर्सला हादरवणारी कार्लोटा? नाही. एलनच झाली असती. तिचं पोट कधी दुखतं, सुट्टीत घरी गेल्यावर ती कुणाशी कशी बोलते, नव्या गणवेशाची घडी ती कशी जपते, हे मराठीतल्या लेखिकेला इंग्लंडातल्या लेखिकेपेक्षा जास्त कळेल असा माझा दावा आहे.

आणि एलनच एकटी नाही. चारही बुरुजांत मिळून त्या शाळेत किती मुली आहेत, त्यांच्या गाद्या कोण घालतं? तळघरात भांडी कोण घासतं? मध्यरात्रीच्या मेजवानीचे डबे सकाळी कोण उचलतं? मेट्रन दिसते, स्वयंपाकघरातली माणसं दिसत नाहीत. दोन मॅमझेल, द्यूपाँ आणि रुझिए, दोघींचं जमत नाही हे आपण सहा पुस्तकं हसत वाचतो. पण त्यांची सबंध युद्धाची वर्षं इंग्लंडात, आणि फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात, तेव्हा त्यांच्या घरून पत्रं येत होती का? त्या गाळलेल्या जागा आहेत. त्या भरा.

पाचगणीबद्दल एक परिच्छेद लिहायलाच हवा, कारण प्रस्ताव येणारच. मॅलरी टॉवर्स उचलून पाचगणीला न्यायचं, लॅक्रॉसच्या जागी खो-खो, सार्डिनच्या जागी चिवडा, मॅमझेलच्या जागी संस्कृतच्या बाई. तेव्हा सांगते, पाचगणीत शंभर वर्षांहून जुन्या मुलींच्या निवासी शाळा खरोखर आहेत, त्यांच्या स्वतःच्या गोष्टी आहेत आणि त्यांना उसनी नावं लागत नाहीत. आणि मराठी मुली घर सोडून एकत्र राहिल्या, शिकल्या, भांडल्या, याची आपली सगळ्यात थोर कहाणी तर अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात आहे. तिथे रात्री चोरून खायला काय मिळत असेल कोण जाणे! ती मालिका कुणी लिहिली तर मी आधी रांगेत उभी राहीन. पण ती हिंगण्याची म्हणून लिहा.

शेवटी थोडं व्यवहाराचं. कॉपीराइट संपला म्हणजे ट्रेडमार्क संपतो असं नाही. ब्लायटनबाईंचं नाव, त्यांची ती गोलमटोल सही आणि ‘मॅलरी टॉवर्स’ हे शब्द प्रकाशकाचे नोंदणीकृत ट्रेडमार्क आहेत असं पुस्तकांच्या आतल्या पानावरच छापलेलं असतं. मुखपृष्ठावर काय घालता येईल ते वकिलाला विचारा, छपाईआधी. कॉक्स यांची पुस्तकं आणि २०१९ च्या कथा तर नव्या आहेत, त्या खुल्या होणाऱ्यांत नाहीत. ‘बाराही भाग मराठीत’ अशी जाहिरात करणाऱ्याला हे कळलं पाहिजे.

आणि जर्मनांनी जे केलं ते करू नका. नव्या पुस्तकावर नव्या लेखिकेचं नाव छापा, पहिल्या पानावर बारीक टायपात नको, वर, मुखपृष्ठावर, मुलींना वाचता येईल एवढं. मूळ लेखिका कोण आणि कुठून पुढे नवीन, हे मलपृष्ठावर दोन ओळींत लिहा. मुलींना हे कळतं, आवडतं, आणि त्या त्यावर तासन्‌तास भांडतात. माझ्या लायब्ररीचा अर्धा धंदा त्या भांडणांवर चालतो. ज्या लेखिकेला आपलं नाव त्या मुखपृष्ठावर घालायची भीती वाटते, तिला हे काम देऊ नका.

मानधनही तिला नीट द्या. ‘पात्रं तर आयतीच आहेत’ म्हणून दर पाडू नका. आयती पात्रं सांभाळणं नवी बेतण्यापेक्षा अवघड असतं.

एलनच्या तिसऱ्या वर्षाचं पुस्तक कुणी लिहायला घेतलं, तर माझ्याकडे मॅलरी टॉवर्सचे पहिले तीन भाग जुन्या, न बदललेल्या आवृत्तीत आहेत. ग्वेंडोलिनच्या थपडा शाबूत आहेत. अभ्यासाला हवे असतील तर घेऊन जा, डिपॉझिट घेणार नाही. परत मात्र करा, त्यावर तीन मुलींचे नंबर लागलेत.

आपली,
एक लायब्ररीवाली